अ‍ॅम्बॅसिडरच्या इंजिनात टायमिंग चेन टेन्शनर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन पूर्ण उघडलंय, क्रँक ग्राइंड होऊन आला, बोअरिंग झालं, आता पुढची बाजू बांधायची आहे. हे पान त्या टप्प्यासाठी आहे. क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवते ती टायमिंग चेन, आणि तिला ताणून धरतो तो टेन्शनर. नाशिकमध्ये जुन्या गाड्या घरी किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडे उभ्या करणाऱ्यांचे जे प्रश्न वारंवार येतात ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांब आहेत, कारण काम तिथेच बिघडतं.

हे कुठल्या इंजिनांना लागू आहे?

अ‍ॅम्बॅसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाला. हे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज घराण्यातलं इंजिन. मॉरिस ऑक्सफर्ड, एमजीए, एमजीबी ही त्याची भावंडं, त्यामुळे त्यांचं वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तर पुढच्या बाजूच्या कामाला बरंच उपयोगी पडतं. नंतर आलेल्या इसुझू इंजिनाच्या गाड्यांना यातलं काही लावू नका. फियाट आणि पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनातही टायमिंग चेनच आहे, पण खुणा आणि मापं वेगळी. महिंद्राच्या जुन्या जीपमधल्या हरिकेन इंजिनात तर चेन नाहीच, गिअरला गिअर आहे. सातपूरच्या कारखान्यामुळे आपल्याकडे जीप भरपूर, म्हणून हा प्रश्न येतोच.

गाडीच्या वर्षावरून मात्र काही ठरवू नका. या गाड्यांची इंजिनं आधी दोन-तीनदा तरी उघडलेली असतात आणि हाताला लागेल तो भाग बसवलेला असतो. कव्हर काढा. आत दुपदरी चेन आणि तिच्या बाजूला रबरी तोंडाचा, दोन बोल्टांवर बसलेला टेन्शनर दिसला, तर पुढे वाचा.

टेन्शनर नेमकं काम कसं करतो?

बॉडीच्या आत प्लंजर, प्लंजरच्या आत स्प्रिंग आणि एक बारीक सिलिंडर. सिलिंडरवर तिरकी, मळसूत्रासारखी खाच आहे आणि तिच्या एका कडेला दाते आहेत. प्लंजरमधली छोटी पिन त्या खाचेत फिरते. चेन झिजून ढिली झाली की स्प्रिंग प्लंजरला पुढे ढकलते, सिलिंडर थोडा फिरतो आणि पिन पुढच्या दात्यात अडकते. म्हणून तो पुढे जातो, पण मागे फार येत नाही.

ब्लॉकमधून आलेलं ऑईल टेन्शनरच्या मागच्या भोकातून आत शिरतं आणि रबरी तोंडाच्या भोकातून चेनवर पडतं. म्हणजे टेन्शनर चेनला ऑईलही पाजतो. हे लक्षात असलं की पुढे पॅकिंगबद्दल इतका आग्रह का आहे ते कळेल.

जुनाच टेन्शनर चालेल का?

तीन गोष्टी बघा. पहिली, रबराचं तोंड. चेनने त्यात दोन चर पाडलेले असतातच. चर खोल असतील, रबर कडक झालं असेल किंवा धातूपासून सुटत असेल, तर बदला. सुटलेला तुकडा खाली ऑईलच्या चेंबरमध्ये जातो आणि ऑईल पंपाच्या जाळीला चिकटतो. चेनच्या आवाजापेक्षा ते कितीतरी महागात पडतं.

दुसरी, बॉडीचं बोअर. प्लंजर सतत एका बाजूला रेटला जातो, त्यामुळे बोअर तोंडाशी लंबगोल होतं. तोंडाजवळ दोन दिशांनी व्यास मोजा, फरक ०.००३ इंच, म्हणजे ०.०७६ मिमीपेक्षा जास्त आला, तर नुसता प्लंजर बदलून भागत नाही, अख्खा टेन्शनर बदलावा लागतो. हे माप व्हर्नियरने घेऊ नका. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये बोअर गेज असतो, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या गावात ही सोय आहे, तर अंदाजावर काम का सोडायचं?

तिसरी, सिलिंडरच्या खाचेचे दाते. कडा गोल झाल्या असतील तर पिन अडकणार नाही आणि टेन्शनर मागेपुढे धडकत राहील.

एक मात्र आहे. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला 'जुना कंपनी माल' डोळे झाकून घेऊ नका. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. अंगठ्याच्या नखाने दाबा. नख थोडं रुतून खूण परत भरली तर रबर जिवंत आहे. काचेसारखं लागलं किंवा बारीक भेगा दिसल्या तर डब्यावरचं नाव कितीही चांगलं असो, परत द्या.

चेन बदलायची की नाही हे कसं ठरवायचं?

पूर्ण इंजिन उघडलं असेल तर बदला. चेन, दोन्ही गिअर आणि टेन्शनर एकत्र. नवी चेन झिजलेल्या, आकड्यासारख्या दात्यांवर चढवली तर तीही लवकर जाते.

तरी मोजायचंच असेल, तर या चेनची पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) ३/८ इंच (९.५२५ मिमी) आणि एकूण ५२ पिच. चेन धुऊन, ताणून धरा आणि पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत २० पिच मोजा. नवीन असताना १९०.५ मिमी भरतात. १९२ च्या पुढे गेली असेल तर विचार न करता बदला. आणि चेन आडवी धरून बघा: एका टोकाला धरल्यावर ती बाजूला धनुष्यासारखी वाकली, तर पिना आणि बुश दोन्ही संपलेत.

खूप झिजलेल्या चेनला नवीन टेन्शनर लावला की आवाज काही महिने थांबतो, टायमिंग मात्र मागेच राहतं. गाडी कसारा घाटात ओढत नाही आणि मग दोष कार्ब्युरेटरवर जातो.

अवजारं कोणती लागतात?

इंची रिंग पाने आणि गोटी पाने, टॉर्क पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), सरळ पट्टी, गिअर ओढायला दोन चपटे टॉमी किंवा पुलर, छिन्नी (लॉक वॉशर उघडायला), स्वच्छ कॉम्प्रेसर हवा, ऑईलचा कुपा.

आणि १/८ इंचाची एलन की. इथे सगळ्यांत जास्त चूक होते. दुकानात मागितली की ३ मिमीची हातात देतात, आणि ती भोकात जातेही. पण १/८ इंच म्हणजे ३.१८ मिमी. ०.१८ मिमीचा तो फरक छोट्याशा षटकोनाला पुरतो: जोर लावला की एलन की आतल्या आत घसरते, सिलिंडरचं भोक गोल होतं आणि मग टेन्शनर ना लॉक होतो ना सुटतो. इंची सेट घ्या. तोही झिजलेल्या टोकाचा नको. टोक बोथट असेल तर ग्राइंडरवर दोन मिमी घासून नवीन कड काढा.

टेन्शनर काढायचा कसा?

बॉडीच्या खालच्या टोकाला एक प्लग असतो, लॉक वॉशरची जीभ वाकवून बसवलेला. जीभ सरळ करा, प्लग काढा. एलन की आत घालून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. रबरी तोंड हळूहळू आत ओढलं जाईल आणि पिनच्या मागे अडकून तिथेच थांबेल. तो लॉक झाला. आता दोन बोल्टांच्या लॉक प्लेटची कड वाकवून बोल्ट काढा, टेन्शनर मागच्या प्लेटसकट बाहेर येईल.

लॉक न करता बोल्ट सोडले तर प्लंजर स्प्रिंगसकट उडतो. गॅरेजच्या कोपऱ्यात स्प्रिंग शोधत बसायचं नसेल तर तळहात आडवा धरा.

खोलून साफ केल्यावर परत जोडताना?

रॉकेलने धुवा, हवा मारा. मागच्या टोकाचं ऑईलचं भोक आणि रबरी तोंडातलं भोक दोन्हींतून हवा आरपार जाते का ते बोटावर घेऊन बघा. जुन्या ऑईलचा चोथा या भोकांत दगडासारखा बसतो. पातळ तांब्याच्या तारेने मोकळं करा, पोलादी सुई नको.

मग सिलिंडरवर स्प्रिंग चढवून दोन्ही प्लंजरमध्ये घाला. स्प्रिंग दाबत न्या, म्हणजे सिलिंडरची खाच प्लंजरमधल्या पिनवर बसेल. दाबून धरूनच एलन की घाला आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. सिलिंडरचं टोक पिनच्या खाली गेलं की स्प्रिंग दाबलेली राहते. की काढा, स्प्रिंग सुटत नाही याची खात्री करा, प्लंजरला ऑईल लावून बॉडीत सरकवा. प्लंजर स्वतःच्या वजनाने सरकायला हवा. अडकत असेल तर पॉलिश पेपर घेऊन बसण्याआधी आत कचरा आहे का ते बघा.

प्लग अजून लावू नका.

दोन गिअर एका रेषेत आहेत का, हे कसं बघायचं?

हे न बघता चेन चढवतात आणि मग सहा महिन्यांत रबर एका बाजूने कापलं गेलं म्हणून टेन्शनरला नावं ठेवतात. क्रँक ग्राइंड झाला, थ्रस्ट वॉशर बदलले, कॅमची प्लेट बदलली की गिअरची पुढची-मागची जागा बदलते. क्रँकच्या गिअरमागे पातळ शिम (चकत्या) असतात ते यासाठीच.

आधी कॅमशाफ्टचा एंड फ्लोट (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) मोजा, ०.००३ ते ०.००७ इंचांच्या आत हवा. मग दोन्ही गिअर चेनशिवाय, शाफ्टच्या खाचेतल्या की-सकट (ही एलन की नव्हे) बसवा. कॅम आणि क्रँक दोन्ही मागे दाबून धरा. सरळ पट्टी कॅम गिअरच्या दात्यांच्या बाजूला टेकवा आणि पट्टी व क्रँक गिअर यांमधली फट फिलर गेजने मोजा. आलेल्या मापातून ०.००५ इंच वजा करा. जे उरेल तेवढे शिम क्रँक गिअरमागे घाला. उदाहरणार्थ फट ०.०१७ आली तर ०.०१२ चे शिम. जुने शिम मोजून ठेवा, तेच परत टाकले म्हणजे झालं असं समजू नका.

टायमिंगच्या खुणा कशा जुळवायच्या?

क्रँकची की-खाच वर, म्हणजे टीडीसीला (पिस्टन सगळ्यांत वर असतानाची जागा). कॅमशाफ्टची खाच समोरून पाहिल्यावर साधारण एक वाजल्याच्या जागी. दोन्ही गिअरवर एक-एक खोलगट ठिपका आहे. टेबलावरच दोन्ही गिअरवर चेन अशी चढवा की ठिपके समोरासमोर, दोन्ही गिअरच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर येतील. मग दोन्ही गिअर चेनसकट एकदम शाफ्टवर सरकवा. एक पुढे एक मागे असं ठोकू नका. कॅम थोडा फिरवावा लागतो.

बसल्यावर क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून ठिपके परत समोर येतात का बघा. काही इंजिनांच्या चेनवर वेगळ्या रंगाच्या कड्या असतात. दोन फेऱ्यांनंतर त्या खुणेवर येत नाहीत, त्याची काळजी करू नका. बघायचे ते गिअरवरचे ठिपके.

कॅमचा नट आवळताना क्रँक फिरू नये म्हणून चेंबर उघडा असेल तर क्रँकच्या वेब आणि ब्लॉकमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. चेनवर जोर घेऊन नट आवळू नका.

टेन्शनर कधी सोडायचा?

सगळ्यांत शेवटी. क्रम असा: गिअर आणि चेन बसली, ठिपके तपासले, कॅमचा नट टॉर्कला आवळून लॉक वॉशर दुमडला, टेन्शनर लॉक अवस्थेत मागच्या प्लेटसकट दोन बोल्टांवर बसवला, बोल्ट आवळून लॉक प्लेट दुमडली. मग खालून १/८ ची की घालून पुन्हा घड्याळाच्याच दिशेने फिरवा. काही अंशांत 'टक' होऊन तोंड स्प्रिंगच्या जोरावर पुढे येतं आणि चेनला टेकतं.

लॉक करताना आणि सोडताना, दोन्ही वेळा दिशा तीच. उलटं फिरवलं की आतले दाते आणि पिन दोन्ही खराब होतात. आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवून तोंड चेनवर ढकलू नका; पिन हव्या त्यापेक्षा पुढच्या दात्यात जाऊन बसते, चेन तारेसारखी ताणली जाते आणि इंजिन चालू झाल्यावर शिट्टीसारखा आवाज येतो. स्प्रिंगला तिचं काम करू द्या.

मग प्लग, नवीन लॉक वॉशरसकट, आणि जीभ दुमडा.

की फिरवली तरी तोंड बाहेर येत नाही. काय झालं?

बहुतेक वेळा जोडताना स्प्रिंग तिरकी बसलेली असते, किंवा पिन खाचेत गेलेलीच नसते. जबरदस्ती न करता काढून परत जोडा. नवीन स्वस्त टेन्शनरमध्ये बॉडीच्या आत कास्टिंगची कीस राहिलेली सापडते. नवीन आहे म्हणून न धुता बसवायचा नाही, हे त्यासाठीच.

टेन्शनरमागे पॅकिंग की सिलिकॉन?

पॅकिंग, तेही भोक बरोबर जुळणारं. लाल सिलिकॉनचा इथे काहीही उपयोग नाही आणि नुकसान नक्की आहे: बोल्ट आवळताना ते दाबून ऑईलच्या भोकात शिरतं. मग टेन्शनर कोरडा, चेन कोरडी, आणि ऑईल प्रेशरचा काटा मात्र व्यवस्थित दाखवतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. घरी कागदाचं पॅकिंग कापलं तर ब्लॉकवर ठेवून भोक पंचने पाडा, कात्रीने अंदाजे नको. बसवण्याआधी ब्लॉकच्या भोकात ऑईलचा कुपा लावून थेंब बाहेर येऊ द्या.

ऑईल थ्रोअर कुठल्या बाजूने?

थ्रोअर म्हणजे क्रँक गिअरपुढची, ऑईल सीलपासून दूर फेकणारी चकती. तिची खोलगट बाजू पुढे, इंजिनापासून दूर. 'एफ' खूण असेल तर ती पुढे. थ्रोअर आणि कव्हर एकाच पिढीचे हवेत: जुन्या कव्हरमध्ये फेल्टचं सील, नंतरच्यात रबरी सील, आणि दोघांचे थ्रोअर वेगळे. मिसळले की पुलीमागून ऑईल गळत राहतं.

कव्हर बसवताना सगळे स्क्रू आधी ढिले ठेवा, पुलीला ऑईल लावून सीलमधून आत सरकवा, म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा.

टॉर्क किती?

एमजीबीच्या मॅन्युअलमधले आकडे: कॅमचा नट ६० ते ७० पाउंड-फूट (८.३ ते ९.७ किग्रॅ-मी), पुलीचा नट ७०, कव्हरचे १/४ इंची स्क्रू ६ आणि ५/१६ इंची १४ पाउंड-फूट. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. कव्हरचे स्क्रू जोर लावून आवळल्याने गळती थांबत नाही, पत्रा वाकतो.

पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी?

स्पार्क प्लग काढा, इग्निशन बंद ठेवा, स्टार्टरने थोडं थोडं फिरवून ऑईल प्रेशर दिसू द्या. हँडल असेल तर त्याहून बरं. इंजिन उलटं फिरवणं टाळा. सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद खरखर येते. ऑईल पोचलं की जाते. गेली नाही तर रेस न करता बंद करा आणि भोक जुळलंय का ते शोधा. कॅम आणि टॅपेट नवीन असतील तर लगेच आयडलवर सोडू नका, २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं चालवा.

सकाळी थंडीत आवाज येतो, दुपारी नाही. टेन्शनर गेला का?

लगेच निष्कर्ष नको. डिसेंबर-जानेवारीत निफाड, सिन्नरकडे पारा चांगलाच उतरतो आणि २०डब्ल्यू-५० ऑईल घट्ट होतं, वर चढायला वेळ घेतं. दोन-तीन सेकंदांची खरखर त्यातली. गरम इंजिनावर, आयडलला किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर समोरून साखळी हलवल्यासारखा आवाज आला तर तो चेनचा.

खात्रीसाठी फॅन बेल्ट काढून मिनिटभर चालवा. आवाज गेला तर वॉटर पंप किंवा डायनामोचं बेअरिंग. राहिला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाला. टॅपेटचा आवाज वर, हेडकडे जास्त येतो.

स्टँडर्ड हेराल्डलाही हेच करायचं का?

नाही. ९४८ सीसीच्या इंजिनात हायड्रॉलिक काही नाही, कव्हरच्या आत वाकवलेली स्प्रिंगची पट्टी आहे. चेन तिच्यात चर पाडते. चर दिसला तर पट्टी बदला. कव्हर बसवताना पट्टी मध्ये येते, म्हणून वाकवलेल्या वेल्डिंगच्या तारेने ती मागे ओढून धरायची, कव्हर चेनवरून सरकलं की तार काढून घ्यायची. तार आत विसरू नका.

मर्सिडीजच्या जुन्या पेट्रोल इंजिनात टेन्शनर बाहेरून लागतो. तो थोडा सैल करून परत आवळला तर चालतं?

अजिबात नाही. रॅचेटचा असेल तर नट सैल होताच प्लंजर एक-दोन दाते पुढे येतो आणि परत आवळल्यावर चेन जास्त ताणली जाते. पूर्ण काढायचा, खोलून प्लंजर मागे घ्यायचा, मगच बसवायचा.

किट कुठे मिळेल?

नाशिकच्या द्वारका, मुंबई नाका भागातल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत विचारा. नाही मिळालं तर मुंबईत ऑपेरा हाऊस. पूर्ण किट घ्या: चेन, दोन गिअर, टेन्शनर, लॉक वॉशर, पॅकिंग, सील. गिअर हातात घेऊन ठिपका आहे का बघा. बिनठिपक्याचे गिअर बाजारात सापडतात.

इंजिन बांधलं म्हणून आरटीओत काही करावं लागतं का?

तोच ब्लॉक असेल तर इंजिन नंबर तोच, काही नाही. नंबरच्या जागी ग्राइंडर लावू नका, एवढंच. दुसरा ब्लॉक टाकला तर एमएच-१५ च्या कार्यालयात आरसीवर बदलाची नोंद करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर मूळ इंजिन जपणं जास्तच महत्त्वाचं.

परत कधी उघडून बघायचं?

मुद्दाम उघडायची गरज नाही. पहिलं ऑईल ५०० किलोमीटरला बदला आणि फिल्टर कापून बघा. काळे रबरी कण दिसले तर कव्हर उघडा. नाही दिसले तर पुढच्या ऑईल बदलापर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.